नवशीच्या जागेवर वूफर

ही गोष्ट घडलेली आहे. रचलेली असती, तर सूर्यकांत सावे यांनी तिला जरा बरा शेवट दिला असता.

गाव वेवजी, तालुका तलासरी. वेळ रात्रीची नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अमावास्या नव्हती. लाइट गेलेली नव्हती. जानेवारीतला रविवार होता, जेवणं झाली होती, अंगणात लख्ख ऊन होतं आणि दोरीवर सूर्यकांतरावांचे बनियन वाळत होते. भुताखेतांना याहून गैरसोयीची वेळ शोधून सापडली नसती.

तरी ते त्याच वेळी आलं.

म्हणजे... जे काही आलं, ते.

सूर्यकांतराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. काही बिघडलं की आधी वायर बघायची, दैवाकडे नंतर वळायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. पत्नी मनोरमाबाई वेवजीच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून घर इथेच बांधलं. हॉलच्या मधोमध सागवानी झोपाळा टांगला. गुजरात इतकं जवळ, की झोपाळा नसेल तर पाहुणे विचारतात, घर अजून पूर्ण व्हायचंय का?

घर उत्तम होतं. फक्त मनोरमाबाई त्यात बसत नव्हत्या.

त्याचं कारण जमिनीखाली होतं. २०१८ च्या दिवाळीच्या सुमाराला डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली, ते ज्यांनी सोसलं त्यांना सांगायला नको. आधी खोल कुठेतरी गुरगुर. मग मांडणीवरची भांडी. मग भिंती. माणसं महिनोन् महिने ताडपत्रीखाली झोपली. शाळेत तर निराळीच पंचाईत. कुणी 'भूकंप!' असं ओरडलं की सगळी पोरं एकदम दाराकडे धावायची आणि दारातच चेंगरायची.

त्यावर तोड काढली नवशीने.

नवशी शाळेत खिचडी शिजवायची आणि शाळा सुटली की बाईंच्या घरी कामाला यायची. तिला हादरा आधी कळायचा. कसा, ते विचारू नका. सूर्यकांतरावांनी विचारलं होतं.

"साहेब, तुमच्या रेल्वेला नाय कळायचं. जमिनीवर बसणाऱ्याच्या बुडाला कळतं. तुम्ही कायम खुर्चीत."

तर तिने आणि बाईंनी मिळून ठरवलं. ओरडायचं नाही. नवशीने तळहात जमिनीवर मारायचा. दोन थापा म्हणजे उठा, ओळीने बाहेर. हादरा जाऊन सगळं निवलं की एक थाप. एक थाप म्हणजे बसा.

पोरांना हे असं अंगवळणी पडलं की डोकं विचार करायच्या आधी पाय हलायचे. बाईंनाही पडलं. घरी नवशी स्वयंपाकघराच्या दाराशी, कोपऱ्यात भिंतीला टेकून भाजी निवडायची. तिथून दोन थापा आल्या की बाई झोपाळ्यावरून उठून थेट अंगणात. नवरा आत आहे का बाहेर, हे त्या नंतर मोजायच्या.

मग नवशी वारली. साधा ताप. दवाखान्यातून घरी आली, लेकाच्या हातची पेज प्यायली, झोपली, ती उठलीच नाही. कुणाकडून काही राहून गेलं नव्हतं, कुणाचा दोष नव्हता.

पण तेव्हापासून मनोरमाबाई हॉलमध्ये बसेनात. स्वयंपाक उरकायचा की बाहेर. जेवण ओट्यावर, झोपही ओट्यावर, मच्छरदाणी लावून.

"अगं, हादरे कमी झालेत आता."

"कमी झालेत, बंद नाही झाले. आणि नवशी होती तोवर भरवसा होता. आता मला सांगणार कोण? तुम्ही? तुम्हाला कुकरची शिट्टी कळत नाही."

सूर्यकांतराव आत जेवायचे, बायको बाहेर जेवायची, आणि दोघांच्या मधे खिडकीचे गज. चाळीस वर्षांच्या संसारानंतर ही बैठकव्यवस्था त्यांना मानवत नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं... बायकोने पुन्हा घरात येऊन झोपाळ्यावर बसावं.

मुलगा परेश ठाण्याला. त्याने उपाय पाठवला. मोठा टीव्ही, त्याखाली ठेवायचा लांबडा साउंडबार आणि गुडघ्याएवढा काळा डबा. वूफर.

"मम्मीला जुनी नाटकं आवडतात ना? असा आवाज लावा की ती आपोआप आत येईल."

भूकंपाला घाबरणाऱ्या बाईला घरात आणण्यासाठी जमीन हादरवणारं यंत्र आणावं, हे बाप-लेकांपैकी एकालाही विचित्र वाटलं नाही. दोघांची बाजू घेऊन बोलायचं तर, यंत्रावर दोन वर्षांची वॉरंटी होती.

आता त्या रविवारी काय झालं, ते.

परेश व्हिडिओ कॉलवर. "पप्पा, वूफर कुठेही ठेवून चालत नाही. जागा शोधावी लागते. मम्मी जिथे बसणार तिथे आधी वूफर ठेवा."

"झोपाळ्यावर?"

"झोपाळ्यावर. भरपूर बेसवालं गाणं लावा. मग तुम्ही भिंतीच्या कडेने रांगा, कान खाली ठेवून. जिथे आवाज सगळ्यात भरदार आणि स्वच्छ येईल ना, ती वूफरची जागा."

"बाप रांगताना बघायचा म्हणून कॉल केलास का रे?"

"रेकॉर्डिंग नाही करत, शप्पथ."

वूफर झोपाळ्यावर चढला. कड्या कुरकुरल्या. गाणं लागलं आणि निवृत्त सिग्नल इन्स्पेक्टर लेंगा खोचून गुडघ्यांवर आले.

खिडकीतून आवाज आला, "काय हरवलंय?"

"जागा शोधतोय."

"या वयात?"

शोकेसपाशी आवाज नुसताच घुमत होता. खिडकीखाली तर गायबच झाला. गाणं चालू, पण खालचा ठेका कुणी गिळून टाकल्यासारखा. असं होतं, परेशने सांगितलं होतं. सूर्यकांतराव पुढे सरकले. दिवाण ओलांडला, देव्हारा ओलांडला...

आणि स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांचा हात थबकला.

इथे आवाज कानात येत नव्हता. तळहातातून येत होता. गोल, जड, स्वच्छ. कुणी अगदी जवळ बसावं तसा.

त्यांनी मान वर केली.

डोळ्यांसमोर भिंतीवर फिकट तेलकट डाग होता. नवशीच्या डोक्याचा. दोनदा रंग काढूनही वर आलेला.

"सापडली जागा," ते परेशला म्हणाले. वूफर त्या कोपऱ्यात गेला. पुन्हा गाणं लागलं. आवाज असा आला की कॉलवरचा परेशही 'व्वा' म्हणाला.

कॉल संपला. गाणं बंद केलं. टीव्ही बंद केला.

घर शांत झालं.

आणि मग...

थप्.

एकदाच. कोपऱ्यातून.

बटण बंद करताना स्पीकर असा ठोका देतो. त्यांनी मान हलवली. भिंतीवरचं बटणही बंद केलं. पिन उपसली. वूफरच्या मागची वायरही काढून हातात घेतली. आता तो वूफर नव्हता. नुसतं लाकडी खोकं होतं.

थप्.

सूर्यकांतरावांनी हातातल्या वायरकडे पाहिलं. आयुष्यभर तिनेच उत्तर दिलं होतं. आज ती नुसती लोंबत होती.

"अहो..."

मनोरमाबाई दारात उभ्या होत्या. आत. उंबरठ्याच्या आत. किती महिन्यांनी, ते देवच जाणे.

"नवशीचीच थाप होती ना ती?"

"वूफरचा आवाज आहे," ते म्हणाले आणि वायर खिशात घातली.

"एक थाप होती." त्यांचा चेहरा असा सैल झाला होता, की सूर्यकांतरावांना त्यांच्या लग्नातला चेहरा आठवला. "एक म्हणजे बसा."

त्या सरळ झोपाळ्याकडे गेल्या आणि बसल्या.

नवऱ्याचं काम जमलेलं असलं, की तो चौकशी करत नाही. सूर्यकांतरावांनीही केली नाही. चहा टाकला.

पुढचे काही दिवस फार सुखाचे गेले. बाई घरात. दुपारी नाटक लागायचं. वूफरची वायर सूर्यकांतरावांच्या खिशातच राहिली. ते म्हणत, एवढा आवाज पुरे. आणि रोज, नाटक संपून टीव्ही बंद झाला की...

थप्.

बाई हसायच्या. "आहे गं, बसलेय."

एका दुपारी विनोद आला. नवशीचा लेक. उंबरगावला कारखान्यात असतो. बाईंचा जुना विद्यार्थी, आणि आईच्या थापांवर घरी उठला-बसलेला. वालपापडी घेऊन आला होता.

"काय बाई, घरात? साहेब, जादू केली काय?"

"सायन्स," सूर्यकांतराव म्हणाले.

"माझ्या लग्नात डीजेला सांगितलं होतं, आवाज कमी कर. तर तो म्हणाला, पत्रे उडाले तरच पैसे वसूल. तुमचे पत्रे..."

थप्.

विनोद खाली बसला. तिथल्या तिथे, उंबरठ्यावर, पिशवी हातात धरून. दोन लेकरांचा बाप. मग आपण का बसलो ते त्याला कळलं आणि त्याच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी वाळलं.

तो कोपऱ्याकडे बघत राहिला.

बाई पापडी घेऊन आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "बघितलंस? आहे हो तुझी आई." परत आल्या आणि बसल्या.

सूर्यकांतराव विनोदला पोचवायला फाटकापर्यंत गेले. चहा न घेता निघणारा तो पोरगा नव्हता.

"साहेब, आये अशी थाप नाय मारायची."

"कशी?"

"एकटी. आधी दोन, मग हादरा, मग एक. एक कायम शेवटी." त्याने मोटरसायकलला किक मारली, ती लागली नाही. "आये नुसतं 'बसा' कधीच नाय सांगायची. आधी उठवायची. ही... उठवतच नाय."

किक लागली. तो गेला.

तेव्हापासून सूर्यकांतरावांना काही गोष्टी दिसायला लागल्या. खरं म्हणजे, दिसेनाशा झालेल्या.

पायपुसण्यावर लोळणारी मांजर घरात येत नव्हती. ओट्यापर्यंत यायची, कोपऱ्याकडे बघायची, परत फिरायची.

ट्यूबलाइटमागच्या पाली नव्हत्या.

आणि झोपाळा... बाई त्यावर बसायच्या, पाय जमिनीला टेकायच्या, पण झोपाळा हलत नव्हता. कड्या कुरकुरत नव्हत्या. कुणीतरी धरून ठेवल्यासारखा.

बाई आताशा उठतच नव्हत्या. स्वयंपाक सूर्यकांतरावांकडे आला. दुपारी झोपाळ्यावर, संध्याकाळी झोपाळ्यावर. अंगणात तुळशीला पाणीही नाही. डहाणूहून त्यांची बहीण मुक्ता गाडी घेऊन आली, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जायचं ठरलेलं.

"ताई, चल. साडी बदल."

"तू जाऊन ये."

"अगं, नवस तुझा आहे!"

"नवशीने उठवलं नाही अजून."

मुक्ताने मेहुण्याकडे पाहिलं. "भाऊजी, ही काय म्हणतेय?"

भाऊजी काय सांगणार? आणण्याची युक्ती जमली होती. बाहेर काढायची कशी, ते माहितीपत्रकात नव्हतं.

त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, त्यांनी एक चलाखी केली. बाईंची नजर टीव्हीवर होती. सूर्यकांतराव हळूच कोपऱ्याशी बसले, वूफरच्या आडोशाला. तळहात उचलला. आणि फरशीवर मारला.

थप्. थप्.

दोन. उठा.

बाईंनी मानही वळवली नाही. "तुमचा हात ओळखत नाही का मी? रेल्वेचा हात. पसरट."

सूर्यकांतराव ओशाळून हसले. हसता हसता त्यांचा तळहात अजून फरशीवरच होता.

आणि खालून... त्यांच्या तळहाताच्या बरोबर खाली...

थप्.

एक.

बाई म्हणाल्या, "ही तिची."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वूफर उचलला आणि मागच्या शेडमध्ये, खताच्या गोण्यांपलीकडे नेऊन ठेवला. वायर खिशातून काढून विहिरीजवळच्या कचऱ्यात टाकली. कोपरा मोकळा केला. फरशी पुसली. डागावर कॅलेंडर लावलं.

दुपारी बाई नेहमीसारख्या झोपाळ्यावर. टीव्ही बंद. सूर्यकांतराव जेवणाची ताटं उचलत होते.

गुरगुर आली.

ही वूफरची नव्हती. वूफरची छातीला लागते. ही पोटऱ्यांतून वर चढली. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागले. दाराची कडी आपोआप खडखडली.

"मनोरमा! उठ!"

त्या अर्ध्या उठल्या होत्याच. सवयीने. एक पाय पुढे, एक हात झोपाळ्याच्या कडीवर. आणि त्या थांबल्या. मान कलती करून, कोपऱ्याकडे कान देऊन. दोन थापांची वाट बघत.

कोपरा रिकामा होता. भिंतीवर कॅलेंडर हलत होतं.

दोन थापा आल्या नाहीत.

थप्.

एकच आली.

मनोरमाबाई खाली बसल्या.

"बस म्हणतेय," त्या म्हणाल्या. इतक्या शांतपणे, की सूर्यकांतरावांच्या हातून ताटं सुटली. वरून प्लास्टरचा पोपडा आला, त्यांच्या मांडीवर फुटला, तरी त्या हलल्या नाहीत. सूर्यकांतरावांनी त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि ओढलं. बाई सडपातळ. काविळीतून उठल्या तेव्हा त्यांनी त्यांना एकट्याने उचलून रिक्षात ठेवलं होतं.

आज त्या हलेनात.

सूर्यकांतराव हे सांगताना फार हळू बोलतात. म्हणतात, ओढताना एका बाईचं वजन लागत नव्हतं. मांडीवर आणखी कुणी बसलं असावं, इतकं लागत होतं.

त्यांनी मिठी मारली आणि सगळ्या अंगाने मागे झोकून दिलं. दोघं उंबरठ्यावर पडली. तिथून खरडत अंगणात.

मागे छताचा आकडा सुटला. झोपाळा, कड्या आणि सिमेंटचा हा एवढा तुकडा एकदम खाली आला. बाई बसल्या होत्या तिथेच.

मग सगळं थांबलं. धूळ दारातून बाहेर आली, आणि दोरीवरच्या बनियनवर बसली.

सूर्यकांतराव रडत होते. मनोरमाबाई त्यांच्याकडे रागाने बघत होत्या.

"तिने बसायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कशाला उठवलंत?"

ते घर आता बंद आहे. दोघं डहाणूला राहतात, मुक्ताच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. परेशचं म्हणणं, वूफरचं कनेक्शन चुकलं असेल. विनोदने आईच्या नावाने जे करायचं ते सगळं नीट केलं आहे. तो म्हणतो, साहेब, ती माझी आये नव्हतीच. आयेचा बाईंवर किती जीव होता. आता ती नव्हती तर कोण होतं, हे त्याला विचारायची हिंमत सूर्यकांतरावांना होत नाही. आणि ती होती तर तिला काय हवं होतं, हे त्यांना विचारायचंच नाही.

नवीन घरात टीव्ही आहे. साउंडबार नाही, वूफर नाही. झोपाळाही नाही. बाई हसतात, बोलतात, बाजारात जातात. मासळीवालीशी भांडतातसुद्धा. सूर्यकांतराव त्यांच्या मागे पिशवी धरून उभे राहतात आणि ते भांडण गाणं ऐकावं तसं ऐकतात.

खालचा फ्लॅट बंद असतो. मालक मुंबईला. दाराला कुलूप आहे, कुलपावर गंज आहे. सूर्यकांतराव ते रोज बघून येतात.

परवा दुपारी जेवणं झाली. बाई ताट घेऊन मोरीकडे निघाल्या होत्या. सूर्यकांतराव हात पुसत होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

पायांखालच्या फरशीतून...

थप्.

मनोरमाबाई होत्या तिथेच, हातात ताट धरून, खाली बसल्या.

सूर्यकांतराव त्यांना उठवायला निघाले. निदान त्यांना तसं वाटलं.

कारण आपण उभे नाही, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

तेही खाली बसले होते.